किळसेतला ळ

१२ जानेवारी
बीपी १५८/९४.

डॉक्टरने सांगितलं, रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचा, आकडा वहीत लिहायचा आणि आकडा वर गेला असेल तर आदल्या दिवशी काय झालं तेही लिहायचं. मी म्हटलं, माझं शिक्षण सहावीपर्यंत. तो म्हणाला, मला निबंध नकोय. म्हणून ही वही. एक्केचाळीस वर्षं मी दुकानांचे बोर्ड रंगवले, पण शब्द दुसऱ्यांचे. शुद्धलेखन गिऱ्हाइकाचं आणि अक्षर माझं, अशी वाटणी होती. स्वतःच्या मनातलं कधी लिहिलं नाही.

तर आकडा वर का गेला. काल घरात एक खोका आला. सूनबाईने टेप फाडली तर आत अठ्ठेचाळीस पांढरे बाहुले. वीतभर उंच, गुळगुळीत, कोणालाच तोंड नाही. एक हातात घेतला तर सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा थंड लागला. मी हात धुतले.

सूनबाईचं ऑफिस तीन महिन्यांपूर्वी बंद पडलं. आता ती घरी धंदा करणार आहे. लोक फोटो पाठवणार, ही रंगीत रेडियम कापून बाहुल्याला केस, शर्ट, चष्मा, मिशा चिकटवणार, आणि लोक स्वतःचाच बाहुला टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसणार. रेडियम म्हणजे मागून चिकट असलेला प्लास्टिकचा कागद. ती त्याला व्हिनाइल म्हणते. आम्ही बोर्डवाले रेडियम म्हणायचो, आणि म्हणून झालं की थुंकायचो. याच कागदाने ब्रशचा धंदा बसवला. बावीस वर्षांपूर्वी आमच्या भागात पहिलं कापायचं मशीन ज्याने आणलं तो माझाच पाठचा भाऊ. त्या दिवसापासून मी त्याचं नाव घेतलेलं नाही, इथेही घेणार नाही. रेडियमवाला म्हणतो, तेवढं पुरे. तीन गल्ल्या सोडून राहतो. मी त्या गल्लीने जात नाही.

आता तोच कागद माझ्या जेवायच्या टेबलावर येणार.

१५ जानेवारी
१५५/९२.

मशीन आलं. नवं नाही, एका बाजूला पत्रा चेपलेला आहे. चालू केलं की कपाटामागे उंदीर कुरतडतोय असं वाटतं. मी विचारलं, कोणाचं आहे.

"एका काकांचं," सूनबाई म्हणाली. "त्यांना आता वापरता येत नाही. मला शिकवणार आहेत फोनवरून."

आजकाल कोणालाही काका म्हणतात. पाववाला काका, नळवाला काका, आता हे मशीनवाले काका. अडलं की ती फोन कानाला लावून गॅलरीत जाते आणि दार ओढून घेते. मशीनबद्दल बोलायला दार कशाला लागतं ते कळत नाही. मी तीनदा जाऊन मशीनची वायर तापलीय का बघून आलो.

नको असलेले तुकडे चिमट्याने उपटून टाकायचे असतात. ते कुठे जात नाहीत. उशीला भुवई, साबणाला ओठ. काल ताटाच्या कडेला काळं काहीतरी दिसलं म्हणून ताट सरकवून उठलो, तर तो कुणाच्या तरी डोक्याचा भांग होता. बायको गेली त्याला सहा वर्षं झाली, बरं झालं तिला हे बघावं लागलं नाही. नाहीतर ती म्हणायची तेच पुन्हा म्हणाली असती, की लोक नाकावर माशी बसू देत नाहीत आणि तुम्ही पाळलीय.

चिरंजीव सकाळी जाता जाता "बाबा, बटण" म्हणाले. मी शर्टाची बटणं एक घर चुकवून लावतो. आमच्यात रोज एवढंच बोलणं होतं. तो लिफ्ट दुरुस्त करतो, दिवसभर लोकांना वर पोचवतो, घरी आला की बोलायला शिल्लक नसतो.

१९ जानेवारी
१५०/९०.

सूनबाईला काम जमत नाही. सपाट पाठीवर ठीक, पण डोक्यावर कागद सुरकुततो, खाली बुडबुडे राहतात. आज तिने एका माणसाचे केस चार वेळा चिकटवून उपटले. बाहुल्याच्या टकलावर चिकट राप बसला, त्याला धूळ लागली, आणि ते डोकं आजारी कुत्र्याच्या पाठीसारखं दिसायला लागलं. मला बघवेना.

मी म्हटलं, "सपाट कागद गोल डोक्यावर बसणारच नाही. कडेला चिरा द्याव्या लागतात. आधी साबणाचं पाणी मार, कागद तरंगू दे, जागेवर सरकव, मग मधून बाहेर पाणी काढ."

"बाबा, तुम्हाला कसं माहीत?"

"पाण्याच्या गोल टाक्यांवर अक्षरं काढलीत. गोलाईला सगळं सारखंच."

"मग दाखवा ना एकदा."

एकदा म्हणून बसलो आणि पाच डोकी केली. पेन्सिलने खूण करायची, पेन्सिल कानावर ठेवायची, ब्लेड घ्यायचं. हात ओळखीचं काम करायला लागला. मला माझ्या हाताची किळस आली. ज्या कागदावर मी बावीस वर्षं थुंकलो तोच आता हा हात कुरवाळतोय.

मधेच तिने गॅलरीत जाऊन फोन केला आणि परत येऊन म्हणाली, "काका म्हणतात, ब्लेड कोपऱ्यावर मारायचं नाही, कोपऱ्यावर वळवायचं."

हे बरोबर आहे. आमचे वडील ब्रशबद्दल हेच सांगायचे, याच शब्दांत. धंद्यातल्या गोष्टी सगळीकडे सारख्या असतात. मशीनवाल्याला कोणीतरी चांगलं शिकवलेलं दिसतं.

२९ जानेवारी
आकडा घ्यायचा राहिला.

बाहुले जायला लागले, आणि माणसं काय चीज आहेत ते कळायला लागलं. कुत्र्यांपेक्षा वाईट. एका बाईला नवऱ्याचा बाहुला हवा, पण पोटाशिवाय. एकाला स्वतःचा हवा, केस मात्र कॉलेजातले. मी म्हटलं, केस कॉलेजातले आणि गाल आत्ताचे, तर हा माणूस म्हणून चालेल की चोरीचा माल म्हणून. सूनबाई हसत सुटली. एका ऑफिसातल्या चौघांनी मिळून साहेबाचा मागवलाय आणि लिहिलंय, "पाठ जाड ठेवा, टाचण्या टोचायच्या आहेत."

एक आई म्हणते, मुलीच्या गालावरचा डाग काढा. मी तो ठेवला. तीन मिलिमीटरचा तपकिरी ठिपका कापायला अर्धा तास गेला. सूनबाई घाबरत पाठवून आली. आईचं उत्तर आलं की मुलीने बाहुला हातात घेतला आणि पहिलं बोट डागावर ठेवलं. त्यापुढे काही लिहिलेलं नाही.

न्हाव्याकडे गेलो होतो. दर तिसऱ्या मंगळवारी दाढी-केस असतात. त्याने माझ्या कोपरावरून एक मिशी सोलून काढली आणि विचारलं, "ही तुमची की कुणाची राहिलीय?" दुकानातले सगळे हसले. ओशाळं वाटलं. खाली मान घालून घरी आलो. तशीही माझी मान रस्त्यात खालीच असते. वर बघितलं की रेडियमचे बोर्ड दिसतात.

३ फेब्रुवारी
१८२/१०४.

डॉक्टर, याचं कारण सविस्तर लिहितो.

फळवाल्याचा बाहुला करायचा होता. त्याच्या गाडीवर बोटभर पाटी, तिच्यावर "ताजी फळे". अक्षरं कापून आली. सूनबाई चिमट्याने बारीक तुकडे उपटत होती. मी चष्मा लावला आणि ळ बघितला.

आमच्या धंद्यात ळ म्हणजे सही. बाकी अक्षरं कोणीही काढतं. ळला दोन पोटं असतात, आणि वडील सांगायचे, दोन्ही पोटं सारखी काढलीत तर ती शेजारी दिसतात. डावं थोडं मोठं ठेव, उजवं त्याला टेकू दे, म्हणजे भाऊ दिसतात. वडिलांचा ळ मला आला. धाकट्याला आला नाही, तो घाई करायचा. माझ्या ळचं डावं पोट खाली किंचित लोंबतं, कारण तिथे माझं मनगट थकतं. शाळा सुटली तेव्हापासून थकतं.

मशीनमधून निघालेल्या ळचं डावं पोट खाली लोंबत होतं.

मी म्हटलं, "हा ळ कुठून आला?"

"मशीनसोबत अक्षरं आलीत, बाबा. काका म्हणाले, यातलं काहीही पुसा, ही अक्षरं पुसू नका."

"हे माझं अक्षर आहे."

ती चिमट्यात अडकलेला तुकडा काढत बसली.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे मशीन त्याचं होतं. रेडियमवाल्याने माझ्या जुन्या बोर्डांचे फोटो काढून माझा हात मशीनमध्ये भरला, आणि जुनं झाल्यावर मशीन त्या काका नावाच्या कुठल्या तरी माणसाला दिलं. चोरलं आणि वर टाकूनही दिलं.

चप्पल घातली आणि बाजारात गेलो. बावीस वर्षांत पहिल्यांदा मान वर करून चाललो. औषधाचं दुकान, "मिळेल" मधला ळ माझा. टायरवाला, "वेळ" मधला माझा. शाळेच्या फाटकावर हातभर ळ, डावं पोट लोंबलेलं, माझा. मी ज्यांच्यावर थुंकत होतो ते सगळे बोर्ड माझ्या अक्षरात होते. एका पायरीवर बसलो, तर एका बाईने पाणी आणून दिलं आणि विचारलं, कोणाकडे जायचंय. मी म्हटलं, कोणाकडे नाही.

काका कोण, हे मी सूनबाईला विचारलं नाही. का विचारलं नाही, ते डॉक्टरने सांगितलेल्यात बसत नाही.

७ फेब्रुवारी
१७०/९८.

चार दिवस टेबलाजवळ गेलो नाही. टेबलाकडे पाठ फिरवून जेवतो. मागून उंदीर कुरतडत असतो. सूनबाईने एकटीने नऊ बाहुले पाठवले, त्यातले पाच परत आले. एकाची भुवई प्रवासात सुटून हनुवटीला लागली होती. गिऱ्हाइकाने लिहिलंय, "आमच्या वडिलांना दाढी नव्हती."

आज ती माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली.

"बाबा, खरं सांगू? तुमच्या हाताशिवाय हे चालणार नाही. नसेल जमणार तर मी आजच सगळ्यांना कळवते आणि मशीन परत करते."

"कोणाला परत करतेस?"

"काकांना."

तिचे डोळे सुजलेले होते. ऑफिस बंद पडलं तेव्हाही एवढे नव्हते. मी म्हटलं, अक्षरं नसलेली कामं मला दे. डोकी देतो करून, अक्षरांना हात लावणार नाही.

"चालेल," ती म्हणाली, आणि साबणाचं पाणी करायला गेली. तिने मला पुरतं ओळखलेलं आहे, आणि मला ते आवडत नाही.

११ फेब्रुवारी
१५२/९०.

आज एक विचित्र काम आलं. फोटो नाही. माणसाने फोनवर वर्णन सांगितलं आणि सूनबाईने ते कागदावर उतरवलं. जसंच्या तसं इथे लावतो:

"म्हातारा. बोर्ड रंगवणारा. उजव्या कानावर पेन्सिल. शर्टाची बटणं एक घर चुकलेली. तोंड असं की जगाला वास येतोय. नाकावर एक माशी. हातात कोरी पाटी, तिच्यावर काही लिहू नका. सगळं तीन-तीन थर लावून करा, बोटाला लागलं पाहिजे."

मी म्हटलं, "आपल्याच धंद्यातला कोणीतरी दिसतोय. कोण आहे?"

"ओळखीचे आहेत," सूनबाई म्हणाली.

तीन थर म्हणजे वेडेपणा आहे. एकावर एक कागद चढवला की कडा जाड होते, त्यात मळ साचतो, आणि चेहरा सालं निघालेल्या भिंतीसारखा दिसतो. बाहुला बघायचा असतो, चाचपायचा कशाला? पण गिऱ्हाईक म्हणेल ते. काम मात्र मजेचं आहे. असले म्हातारे मी पाहिलेत. स्वतःला शहाणे समजतात, सगळ्या गोष्टींना नावं ठेवतात, आणि घरच्यांनी बोलायचं सोडलं की म्हणतात, कोणी बोलत नाही. याच्याबरोबर राहणाऱ्यांचे काय हाल असतील. तोंड मी चांगलं वाकडं केलं. ओठाची डावी बाजू खाली, नाकपुडी वर. सूनबाईला दाखवलं तर ती पदर... तिच्याकडे पदर नसतो, ओढणी तोंडाला लावून आत गेली. खोकला झाला असावा. या कागदाच्या वासाने फुप्फुसं जातात म्हणे. तिला डॉक्टरकडे जायला सांगितलं पाहिजे.

१४ फेब्रुवारी
१४८/८८.

म्हातारा जवळजवळ झाला. बटणांवरून थोडा वाद झाला. मी ती नीट लावली होती, कारण चुकलेली बटणं म्हणजे लोकांना वाटणार कारागीर चुकला. सूनबाई म्हणाली, सांगितलंय तसंच करा. मी म्हटलं, शहाणा माणूस असा शर्ट घालतो का? ती माझ्या छातीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नाही घालत, बाबा."

चिरंजीव कामावरून आले, चहाचा कप उचलला, टेबलावरचा बाहुला बघितला आणि चहा नाकातून बाहेर आला. घाण. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, "काही नाही. छान झालाय." वर्षभरात त्याने माझ्या कामाला छान म्हटलेलं पहिल्यांदा ऐकलं. बटण असं म्हणाला नाही.

माशी तेवढी राहिलीय. तीन मिलिमीटरची माशी, तिला पंख, आणि तीन थर. मशीन इतकं बारीक कापत नाही. ब्लेडने हाताने कापायला लागेल. दहा-बारा बिघडतील तेव्हा एक होईल.

१९ फेब्रुवारी
बीपी घेतलं नाही.

सकाळभर माश्या कापत होतो. आठवी चांगली झाली. ती बाहुल्याच्या नाकावर बसवली आणि तसाच उठून न्हाव्याकडे गेलो, आज मंगळवार होता.

खुर्चीत बसलो. न्हाव्याने मानेला कापड गुंडाळलं, मग थांबला.

"हलू नका," तो म्हणाला. "नाकावर माशी आहे." त्याने फडकं हलवलं. माशी उडाली नाही. त्याने वाकून बघितलं. "ही चिकटवलेली आहे की काय?"

बिघडलेल्या सातांपैकी एक. मी आरशात बघितलं. उजव्या कानावर पेन्सिल. कापडाच्या वर शर्टाची कॉलर, एक टोक वर, एक खाली. ओठाची डावी बाजू खाली, नाकपुडी वर. नाकावर माशी.

न्हावी म्हणाला, "काढू?"

मी म्हटलं, राहू दे. आणि कापड काढून दाढी न करताच निघालो.

घरी सूनबाई टेबलाशी होती. मी म्हटलं, "काका कोण आहेत?"

तिने चिमटा खाली ठेवला. "काका म्हणजे काका, बाबा. ह्यांचे काका. मी खोटं कुठे बोलले? रोज काकाच म्हणत होते."

"तुला लाज वाटली नाही?"

"वाटली. पण मशीन दुसरं कोणी देत नव्हतं. त्यांनी स्वतः बोलावलं. म्हणाले, दादाला सांगू नकोस, सांगितलंस तर तो कागदाला हात लावणार नाही आणि तुझा धंदा बुडेल."

"मग हा बाहुला कशाला? माझी टिंगल करायला?"

तिने बाहुला माझ्यापासून जरा लांब सरकवला. मग म्हणाली, "त्यांचे डोळे गेलेत, बाबा. दीड वर्ष झालं. आधी एक, मग दुसरा. आता उजेड-अंधार एवढंच कळतं. म्हणून मशीन दिलं. मला म्हणाले, फोटो असून उपयोग नाही. दादाचा चेहरा विसरायला लागलोय. बोटाने कळेल असा करून दे. मी विचारलं, माशी कशाला, तर म्हणाले, वहिनी म्हणायची ना, पाळलेली माशी. तिच्याशिवाय दादा ओळखू येणार नाही."

"आणि पाटी कोरी का?"

"म्हणाले, तिच्यावर काय लिहायचं ते दादाला ठरवू दे. कोरी पाठवली तरी चालेल. रविवारी नेऊन द्यायचं कबूल केलंय मी."

मी बाहुला उचलला आणि केराच्या डब्यात टाकला. मग काढला, कारण डब्यात चहाचा चोथा होता आणि तीन थरांच्या कडांत तो गेला असता.

२० फेब्रुवारी
१६०/९६.

जे कोणाला सांगितलं नाही ते लिहितो. डॉक्टर वाचतो तर वाचू दे.

बावीस वर्षांपूर्वी तो मशीनवर कापलेला पहिला बोर्ड घेऊन माझ्या दुकानात आला होता. काखेत धरून आणला होता, कागदात गुंडाळून. "दुकान वेळेवर उघडेल" असं काहीतरी होतं. त्याला वाटलं मी खूश होईन. दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. मी बोर्ड बघितला. ळची दोन्ही पोटं सारखी होती, कंपासने काढल्यासारखी. मी ब्लेड घेतलं आणि सगळ्यांसमोर तेवढा ळ नखाएवढा नखाएवढा करून खरवडून काढला. आणि म्हटलं, "ही पोटं शेजाऱ्यांची आहेत. तूही आजपासून शेजारी."

तो खरवडलेला बोर्ड पुन्हा कागदात गुंडाळायला लागला. टेप त्याच्या बोटांना चिकटत होती. गिऱ्हाइकं हसत होती, आणि मीही.

मशीनमध्ये माझा ळ त्याने नंतर भरला असणार. माझा एकेक बोर्ड शोधून, शिडी लावून, फोटो काढून. चोरी करणारा इतकी मेहनत करत नाही. हे मला त्या दिवशी बाजारात, पायरीवर पाणी पिताना कळलं होतं. लिहिलं नाही.

ही वही चाळून बघितली. सगळ्यात चांगला ळ किळस या शब्दात आलाय. सवयीचा शब्द आहे.

२२ फेब्रुवारी
१५४/९०.

पाटीवर काय लिहायचं. पहिल्यांदा "चोर" कापलं. ते बाहुल्याच्या हातात असं दिसलं की चोर तोच आहे. काढून टाकलं. मग "रेडियमवाला" कापलं, पाटीवर मावेना. कोरीच पाठवावी असं ठरवून जेवलो. जेवण गेलं नाही. कागदाचा वास भाताला होता, का माझ्या बोटांना, कळेना.

दुपारी मशीनला हात न लावता ब्लेडने दोन अक्षरं कापली. घरात त्याला ज्या नावाने हाक मारायचे ते. बाळ. तीन थर लावले. मग डोळे मिटून बोट फिरवलं. ब कळला. ळ कळला, पण दोन पोटांत फरक कळेना, दोन्ही सारखीच लागली. डोळ्यांना दिसतं ते बोटाला दिसत नाही. मी पुन्हा डोळे मिटले, पुन्हा तेच. शेजारीच.

उजव्या पोटावर चौथा थर चढवला. कडा जाड झाली, बघायला घाणेरडी दिसते. डोळे मिटून बोट फिरवलं. मोठं पोट, मग त्याला टेकलेलं धाकटं, धाकटं जरा वर आलेलं. कळलं.

सूनबाई म्हणाली, "मी नेऊन देते रविवारी." मी म्हटलं, "तू बाकीची डोकी कर. चिरा द्यायला विसरू नकोस."

२४ फेब्रुवारी, रविवार

तीन गल्ल्या चालायला बारा मिनिटं लागली. वाटेत दोनदा परत फिरलो, एकदा गॅस बंद केलाय का ते आठवेना म्हणून, एकदा उगाच. तो खाली दुकान आणि वर खोली अशा घरात एकटा राहतो. दुकानाचं शटर गंजलंय. जिन्यात ओला वास, भिंतींना पोपडे. दुसरी पायरी हलते, पडता पडता वाचलो.

दार उघडंच होतं. तो खुर्चीत बसला होता, दाराकडे पाठ करून.

"ये सूनबाई."

"सूनबाई नाही," मी म्हटलं.

तो वळला नाही. खुर्चीच्या हातावर त्याची बोटं थांबली. मग म्हणाला, "दुसरी पायरी हलते. सांभाळून आलास ना?"

"दुरुस्त का करत नाहीस?"

"दिसत नाही ना, दादा."

खोलीत घाण होती. पलंगाखाली चपला, खिडकीत मेलेले किडे, उशीवर तेलाचा डाग. हा असा राहतो, आणि मी तीन गल्ल्यांवर ताटाशी बसून भाताला वास येतो म्हणायचो. मी बाहुला त्याच्या मांडीवर ठेवला.

त्याने तो दोन्ही हातांत घेतला. आधी कान. "पेन्सिल." मग छाती. "बटण चुकलंय. बरोबर." मग तोंडावरून अंगठा फिरवला, ओठाच्या पडलेल्या कोपऱ्यावर थांबला. "अजून तसंच?"

"तसंच."

माशी सापडली तेव्हा तो हसला. वडिलांसारखा हसतो, आवाज न करता, खांदे हलवून. मग पाटी. मी खिडकीतले मेलेले किडे मोजायला लागलो. ब वरून बोट गेलं, कान्यावरून गेलं, ळ वर आलं. तिथे ते बराच वेळ फिरत राहिलं, डावीकडून उजवीकडे, परत डावीकडे.

"धाकटं पोट वर आलंय," तो म्हणाला.

"एक थर जास्त लावलाय. नाहीतर बोटाला दोन्ही सारखी लागत होती."

"वडील ओरडले असते."

"वडिलांना दिसत होतं."

तो उठला. भिंतीला हात लावत ओट्यापाशी गेला, म्हणाला, चहा करतो. मी म्हटलं, मी करतो. तो म्हणाला, बस. भांडं कुठे आहे, साखर कुठे आहे, सगळं त्याला माहीत होतं. दोन पेले मांडले. ओतताना पेला भरला की नाही ते कळावं म्हणून त्याने बोट आत घातलं, चहा नखाला लागल्यावर ओतणं थांबवलं, आणि बोट शर्टाला पुसलं. नखात काळं होतं. मग दुसऱ्या पेल्यात तेच.

पेला माझ्यासमोर धरला. "घे, दादा."

मी बघितलं. वर साय धरायला लागली होती.

प्यायलो. साखर जास्त होती.